अल्लाल पास झाला

अल्लाल बेन्साऊद आणि मी एकेचाळीस वर्षे शेजारी शेजारी बसून झेलीज कापले. झेलीज म्हणजे झिलईच्या लादीचे कापलेले तुकडे: तारे, पाकळ्या, बदाम. इथे मोरोक्कोत, आमच्या फेस शहरात, लोक ते भिंतीवर बघतात आणि आरेखन करणाऱ्याचे नाव घेतात. कापणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. ते ठीक आहे. कापणाऱ्याने धार बघावी.

काम असे. गुडघे दुमडून बसायचे. समोर रोवलेला लोखंडी सुळका, डाव्या हातात लादी, उजव्या हातात जड हातोडी. एका रांगेत बारा माणसे. प्रत्येकजण आपापल्या वेगाने ठोकू लागला तर तासाभरात डोके उठते, म्हणून एकाने ठेका धरायचा आणि बाकीच्यांनी त्यात बसायचे. आमच्या रांगेचा ठेका माझा होता. मला त्याचा अभिमान होता. माणूस निवृत्त होतो, अंगात मुरलेला अभिमान होत नाही.

अल्लाल माझ्यापेक्षा चांगला कारागीर. हे मी त्याच्यासमोर कधी म्हटले नाही. माझ्या शंभर तुकड्यांत चार टवके उडालेले निघत, त्याच्यात एक, आणि तो एक तो स्वतःच बाजूला काढून ठेवी. बोलणे कमी. हसताना आवाज नाही, फक्त खांदे हलत आणि सगळा चेहरा फुलून येई. एकदा मी नव्या माणसांना हातोडी कशी धरावी यावर अर्धा तास सांगत होतो. अल्लाल काम न थांबवता म्हणाला, "बूश्ता, तुझी जीभच सुळक्यावर रोवू. हातोडीचा खर्च वाचेल." तेव्हा रांगेचा ठेका पहिल्यांदा चुकला. माझा धरून.

आम्ही एकाच वर्षी काम सोडले. घरे एकाच गल्लीत. पहिली तीन वर्षे चांगली गेली. मग अल्लाल सैल पडू लागला. सैल हा शब्द माझा. दोन वर्षे मी तोच वापरला.

चालताना तो मागे राही. मी म्हणे, पाय उचल. तो हळू बोलू लागला. मी म्हणे, तोंड उघड. चहाच्या पेल्याला दोन्ही हात लावू लागला. मी म्हणे, म्हाताऱ्या बाईसारखा झालास. शेवटी मी उपचार म्हणून माझ्या अंगणात सुळका रोवला, त्याच्यासमोर लाद्या ठेवल्या आणि रोज पन्नास तुकडे काप म्हणून सांगितले. पहिल्या दिवशी त्याने अकरा कापले. त्यातले नऊ मी नापास केले. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही, ना राग, ना लाज. बिनझिलईच्या लादीसारखा कोरा चेहरा. मला वाटले, याला आता कशाचेच काही वाटत नाही. आळशी माणसाची ही शेवटची पायरी, असे मी घरी येऊन बायकोला समजावून सांगितले. राबियाने विचारले, "आणि पहिली पायरी कुठली? दुसऱ्याच्या अंगणात लक्ष घालायची?"

त्याच्या घरातही हेच चालले होते, वेगळ्या बाजूने. त्याची बायको झहोर, मानाने लल्ला झहोर, ही गप्पांवर जगणारी बाई. बाजारातून येताना ती चार बातम्या आणी आणि अल्लालला हसवल्याशिवाय पिशवी खाली ठेवत नसे. आता ती बोले आणि तो कोऱ्या तोंडाने बघत राही. शुक्रवारचा कुसकुस, वाफवलेल्या रव्याचा, आमच्याकडे एकाच थाळीत असतो, आणि जुनी माणसे तो तळहातात झुलवून त्याचा गोळा करून खातात. अल्लालचा गोळा सफाईदार असे. एका शुक्रवारी त्याने चमचा मागितला. मग दर शुक्रवारी. झहोरला ते फार लागले. घरच्या थाळीत चमचा पाहुणा मागतो.

ती एका सकाळी आमच्या दारात आली. आत आली नाही, बसली नाही. मला ती मानाने 'सी' लावून हाक मारते. म्हणाली, "सी बूश्ता, आरोग्य केंद्रात ते नवीन यंत्र आलंय ना, हाताची परीक्षा घेणारं. त्याला तिथे घेऊन जा. माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकेल. मला एकच कळायला हवं. हा आजारी आहे की मला कंटाळलाय? आजारी असेल तर मरेपर्यंत त्याचं सगळं करीन. आणि कंटाळला असेल तर मी मेक्नेसला लेकीकडे जाते. या वयात मी भिंतीशी बोलणार नाही."

तिचे सगळे बोलणे मी ऐकले. पण मनात उरला तो फक्त एक शब्द: परीक्षा. बाकीचा भाग मी टवका उडालेल्या तुकड्यासारखा बाजूला सारला. अल्लालचा हात परीक्षेला बसणार. आमच्या रांगेचा हात. तो नापास झाला तर उद्या सगळी गल्ली म्हणणार की बूश्ताच्या रांगेतल्या माणसांचे हात थरथरतात. हा विचार मी केला. मित्राबद्दलचा विचार म्हणून केला, हे त्याहून वाईट.

सोमवारी आम्ही गेलो. डॉक्टर सिहाम वयाने लहान, बोलायला साधी. टेबलावर काचेची एक पाटी आणि एक पेन. पाटीवर फिक्या रेषेचे वेटोळे, गोगलगायीच्या पाठीसारखे. पेनाने त्या रेषेवरून आतून बाहेर जायचे, दोनदा. एवढीच परीक्षा. मला हसू आले. मी विचारले, यावरून हे काय ओळखणार?

ती म्हणाली की हजारो माणसांनी काढलेली वेटोळी याला दाखवली आहेत, काही कंपवात झालेल्या माणसांची, काही निरोगी. कुठले कोणाचे एवढेच सांगितले. फरक कशात आहे हे यानेच शोधले. पेन किती वेगाने गेले, कुठे अडखळले, किती दाब पडला, सगळे हे मोजते. आणि निदान हे करत नाही, फक्त चाळणी लावते. चाळणीत अडकलेल्याला ती मोठ्या रुग्णालयात पाठवणार, तिथले डॉक्टर ठरवणार.

मला ते समजले, आणि पटलेही. मीही तसाच शिकलो. माझा माल्लेम, म्हणजे उस्ताद, तुकडा बघून एकतर टोपलीत टाकी किंवा भिंतीवर फेकी. का, ते सांगत नसे. चार वर्षे बघून बघून मला ते कळले. मी डॉक्टरला विचारले, शिकताना याने मार खाल्ला का? ती नाही म्हणाली. मी म्हणालो, मग अर्धवटच शिकलं असणार.

आधी मला बसवले. निरोगी म्हाताऱ्यांची चित्रेही तिला हवी होती. मी काढले, पाटीवर हिरवी पट्टी आली. मी ती पट्टी जरा जास्त वेळ बघितली.

मग अल्लाल. सरावासाठी एक वेटोळे काढायचे होते. पेन टेकले. पहिला वळसा जेमतेम झाला, दुसरा त्याच्या आतच गुंतला, रेषा बारीक बारीक होत गेली आणि मध्येच थांबली. अल्लाल त्या पाटीकडे बघत राहिला. मी इतकी वर्षे त्याचा हात शेजारून बघितला आहे. असा हात मी त्याचा बघितला नव्हता. तिथे शहाण्या माणसाने घाबरायला हवे होते. मला राग आला. म्हटले, हा प्रयत्नच करत नाही.

डॉक्टर पाटी पुसत होती. माझ्या खिशात घराची किल्ली होती, जुनी, लोखंडी, बोटभर लांब. खुर्चीचा हात लोखंडाचा. मी किल्ली काढली आणि ठेका धरला. टक, टक, टक. मोठ्याने नाही. रांगेत सकाळी पहिली लादी घेताना धरायचो तो.

अल्लालची पाठ सरळ झाली. कोपर बरगडीला टेकले. पेन निघाले ते ठेक्यावर निघाले, वळशामागून वळसा, सगळे सारख्या अंतराने. पहिले वेटोळे संपले. दुसरेही. डॉक्टरने एकदा माझ्याकडे बघितले. म्हाताऱ्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत असे तिला वाटले असावे. मीही तसाच चेहरा केला.

हिरवी पट्टी आली.

तिचे समाधान झाले नव्हते. ती पाटीकडे कमी आणि अल्लालच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होती. म्हणाली, "सी अल्लाल, मला तुम्हाला नीट तपासायचंय. जरा चालून दाखवता?" मी मध्येच उठलो. ज्या यंत्राला मी दहा मिनिटांपूर्वी अर्धवट म्हणालो होतो, त्याचा मी आता मोठा भक्त झालो होतो. म्हणालो, "डॉक्टर, हजारो माणसं बघितलेल्या यंत्राने सांगितलं ना? मग आता तुम्ही आणि मी कोण?" तिने नाइलाजाने कागद दिला. त्यावर लिहिले होते की या चाचणीत आजाराची लक्षणे दिसली नाहीत, तीन महिन्यांनी पुन्हा यावे. तीन महिन्यांची ओळ मी वाचली नाही.

चहाच्या दुकानात मी मोठ्याने जाहीर केले, "अल्लाल पास झाला." टाळ्या पडल्या. अल्लाल पेला दोन्ही हातांत धरून बसला होता. मंगळवारी मोहा आला, म्हणाला, माझ्याबरोबर चल. बुधवारी म्हातारा तय्यब. दोघेही आमच्या रांगेतले, दोघांनाही मी किल्ली घेऊन पास केले. मोहा तर दिवसाला नऊ कॉफ्या पितो, त्याचा हात थरथरला नाही तरच नवल. तिसऱ्या दिवशी डॉक्टर कौतुकाने म्हणाली की झेलीज कापणाऱ्यांच्या हातांवर कोणीतरी संशोधन करायला हवे. मी मान डोलावली. नम्रपणे डोलावली, हे विशेष.

बुधवारी परत येताना मी अल्लालकडे डोकावलो. झहोर कपडे घड्या करून पेटीत भरत होती. कागद टेबलावर, दोन घड्यांत. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. तिने मला शांतपणे सांगितले.

"हात चांगला आहे म्हणजे. मग चमचा हाताचा नव्हता, सी बूश्ता. चमचा माझ्यासाठी होता."

जावई शुक्रवारी नमाजानंतर गाडी घेऊन येणार होता. मी तिला काहीतरी सांगायला लागलो, की पुरुष असेच असतात, की वयाने माणूस आत वळतो. माझी जीभ सुळक्यावर रोवायला कोणी नव्हते, म्हणून मी पाच मिनिटे बोललो. ती घड्या घालत राहिली.

अल्लाल मला दारापर्यंत सोडायला आला. उंबऱ्याशी त्याचे पाय अडकले, जमिनीला चिकटल्यासारखे. मग तो अगदी हळू बोलला. मला कान पुढे करावा लागला.

"तू टकटक केलीस म्हणून हात चालला. घरी कोण करणार टकटक?"

मी विचारले की मग तिथेच का नाही सांगितलंस.

"तू किती खूश होतास."

मी घरी आलो. राबियाला सगळे सांगितले, किल्लीसकट. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी यंत्राला शिकवून शहाणं केलं. तुला शिकवायला मला पन्नास वर्षं मिळाली, पण माल कच्चा निघाला." आणि मग थट्टा थांबवून म्हणाली, "उद्या सकाळी. केंद्र उघडायच्या आधी दारात उभा राहा."

गुरुवारी मी दारात उभा होतो. आयुष्यात लाद्या उचलल्या, भट्टीच्या तोंडाशी बसलो, पण त्या पाच पायऱ्या चढायला जितकी ताकद लागली तितकी कशाला लागली नाही. डॉक्टर सिहामला मी जे केले ते, केले त्या क्रमाने, सांगितले. तिघांचे. ती रागावेल अशी मी तयारी केली होती. ती म्हणाली, "दाखवा."

मी किल्ली काढली. ठेका धरला. तिने पेन हातात घेऊन वेटोळे काढायला सुरुवात केली आणि दोन वळशांनी थांबली. तिचाही हात माझ्या ठेक्यात चालला होता.

ती म्हणाली, या आजारात मेंदूचा आतला ठेका मंदावतो. बाहेरून कोणी ठेका दिला तर हातपाय थोडा वेळ चालू लागतात. डॉक्टर हे वापरतात, रुग्णाला चालायला शिकवताना.

"म्हणजे मी उपचार केला?" मी विचारले. थोडी आशा होती.

"हो. पण निदानाच्या आधी. त्यामुळे निदान पळून गेलं."

मग तिने आणखी एक सांगितले. निरोगी म्हणून नोंदलेली आमची वेटोळी ती महिन्याच्या शेवटी पाठवणार होती, यंत्राला पुढचे शिकवण्यासाठी. माझी दोन, बाकी तिघांची सहा. किल्लीच्या ठेक्याआड राहिलेल्या आजाराच्या बारीक खुणाही निरोगी हाताच्याच, असे यंत्र त्या सहांतून शिकले असते. मग कुठल्यातरी गावात कुठल्यातरी अल्लालला हिरवी पट्टी आली असती, आणि तिथे किल्ली घेऊन कोणी बसलेलाही नसता. तिने माझ्यासमोर सहाही पुसली; मोहा आणि तय्यबलाही पुन्हा यावे लागणार होते. मी म्हणालो, माझी पण पुसा. ती म्हणाली, तुमची खरी आहेत, राहू द्या. आयुष्यभर ज्या हाताचा मी गर्व केला, त्या हाताला याहून कोरडे प्रमाणपत्र मिळाले नाही.

दुपारी अल्लाल आणि झहोर दोघे आले. झहोरला मी काही समजावले नव्हते, एवढेच म्हटले होते की सोमवारी चूक झाली, माझी, आणि तुमची पेटी एक दिवस थांबू शकते. डॉक्टरने माझ्याकडून किल्ली घेतली, खणात ठेवली आणि मला बाहेरच्या बाकावर बसवले. दार उघडे होते. मला दिसत होते. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो, कारण बोटांचा भरवसा नव्हता.

अल्लालने पेन टेकले. खोलीत कसलाही आवाज नव्हता. एक वळसा. अर्धा. रेषा आकसत गेली, मुंगीच्या वाटेएवढी झाली आणि थांबली. तो पुढे जायचा प्रयत्न करत होता. मानेची शीर ताणलेली मला बाहेरून दिसली. एवढा जोर त्याने मोठ्यातल्या मोठ्या लादीलाही लावला नव्हता. आणि मी दोन वर्षे याला सैल म्हणत होतो.

पट्टी लाल आली. डॉक्टरने तेवढ्यावर सोडले नाही. मनगट फिरवून बघितले, बोटे जुळवायला लावली, दारापर्यंत चालवले, चेहऱ्यासमोर बसून बराच वेळ बघितले. मग झहोरकडे वळली. मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर नक्की सांगतील, पण मला शंका वाटत नाही, म्हणाली. आजार आहे, पूर्ण जात नाही, पण औषध आहे आणि त्याने हात पुष्कळ मोकळा होतो. चिठ्ठी लिहून दिली. पुढच्या मंगळवारची वेळही फोन करून घेतली.

झहोर चिठ्ठी घेऊन तशीच बसली होती. तिने विचारले, "आणि तोंड?"

"तेही त्यातलंच. चेहऱ्याचे स्नायू आखडतात. आतून हसत असला तरी बाहेर दिसत नाही."

झहोर उठली. मग खुर्ची अल्लालच्या समोर ओढली, त्याच्या तोंडाजवळ कान नेला आणि विचारले, "गेल्या ईदला मी शेजारणीच्या बोकडाचं सांगितलं. तेव्हा?"

"हसलो," अल्लाल म्हणाला.

"आणि हमामवालीचं लग्न ठरल्याचं?"

"फार."

"माझ्या बहिणीचे नवे दात?"

तो थांबला. "त्याला नाही."

"बरोबर आहे. ते हसण्यासारखं नव्हतंच," झहोर म्हणाली, आणि डोळे पुसायला तिने रुमाल शोधला नाही, सरळ हाताने पुसले. मग दोन वर्षांचा हिशेब सुरू झाला. डॉक्टर उठून दुसऱ्या खोलीत गेली. पुढचे रुग्ण बाहेर खोळंबले होते, पण कोणी कुरकुर केली नाही, कारण दार उघडे होते आणि सगळ्यांना ऐकायचे होते.

जाताना झहोरने मला बजावले की सी बूश्ता, तुम्ही वीस पावले मागून चाला, आम्हाला बोलायचंय. मी चाललो. चढ होता, अल्लालचे पाय छोटे छोटे पडत होते आणि ती त्याच्या पायांबरोबर आपले पाय टाकत होती. मधूनमधून ती थांबे, काहीतरी विचारी, वाकून उत्तर ऐके आणि इतकी हसे की भिंतीला हात टेकवावा लागे. एवढ्या अंतरावरून मला शब्द कळत नव्हते. फक्त एक शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. ते माझे नाव होते. मी मोजले. चढ संपेपर्यंत अकरा वेळा. मी अंतर कमी केले नाही.